उभी ओळ

उलान बातारच्या उत्तरेला, टेकडीवरच्या वस्तीत
उणे एकतीस. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ.
नर्मांदाख बोटं कापलेले हातमोजे घालून बसली आहे,
मीठ घातलेल्या दुधाच्या चहावर
केव्हाची साय धरली आहे.

गेल्या हिवाळ्यात तिनं अक्षरं उभी केली.
त्याआधी ती पडद्यावर आडवी पडलेली असत,
मुलं मान वाकडी करून वाचत
आणि पुरेवसुरेन बाई म्हणत,
आज बरं नाहीये त्यांना.

आता उभी आहेत. प्रत्येक शब्दाला एक कणा,
कण्याला दात, पोट, शेपटी.
आपली अक्षरं लटकतात वरच्या रेघेला
वाळत घातलेल्या कपड्यांसारखी;
तिची कणा धरून खाली उतरतात.
पण ओळी उलट्या चालतात.

डावीकडून सुरू व्हायच्या, त्या सुरू होतात उजवीकडून.
तिसरीच्या धड्यात ओळीला एक वाक्य,
त्यामुळे त्यातलं शिंगरू
आधी मरतं, मग म्हातारं होतं,
मग शर्यत जिंकतं, मग उभं राहायला शिकतं
आणि अगदी शेवटी जन्मतं.
तोगोल्दोर ते खणखणीत वाचतो.
वर्ग चिडीचूप.

चूक शोधायला नऊ रात्री लागल्या.
केवढं हे यंत्र! पान फोडून त्याचं झाड करायचं,
झाडाच्या पेट्या, पेट्यांची मापं,
मापांवर रंग,
आणि बघणाऱ्याची पापणी लवायच्या आत सगळं उरकायचं.
मालक कुणीच नाही. दाराला कुलूप नाही
आणि झाडलोट ज्याला केर दिसेल त्यानं करायची.

सापडली एका फंक्शनच्या पोटात.
अकरा वर्षांपूर्वी कुणी गृहीत धरलं होतं
की उभं लिहिणारे सगळे उजवीकडूनच निघतात.
वर शेरा: नंतर बघू.
लिहिणारा आता म्हणे पोर्तोमध्ये पाव भाजतो.

एक उणे चिन्ह.
तिनं ते पुसलं
आणि सदतीस टेस्ट धडाधड पडल्या.

जपानी खानावळीची यादी कागद सोडून बाहेर गेली.
एक तळटीप मथळ्यावर जाऊन बसली.
आणि कुणीतरी कधीतरी उभ्या चौकटीत टाकून ठेवलेला
एकच शब्द: दऱ्या.
त्यातल्या र ची पापणी य पासून सुटून
बोटभर लांब पडली होती.
नर्मांदाखला तो वाचता येत नाही.
तिनं नमुन्याच्या चित्राशी ताडून पाहिलं
आणि पापणी जागेवर ठेवली.
मी रोज ही भाषा वाचतो.
ती पापणी कोण सांभाळतं, कधी मनातही आलं नव्हतं.

ट्रोम्सोहून तोरहिल्ड तपासते.
हे नाव बदल. इथे टेस्ट हवी. हे असं का?
डिसेंबर, तिच्या गावात सूर्य उगवत नाही.
नर्मांदाख म्हणजे सूर्योदय,
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
सहा वेळा परत पाठवलं तिनं.
चौथ्या वेळी इकडून एक सणसणीत शिवी टाइप झाली,
खोडली गेली.
सातव्या वेळी उत्तर आलं: ठीक. घेतलं.

नवी आवृत्ती शाळेत पोचायला मार्च उजाडला.
बाईंचा फोन आला. बरोबर आहे, म्हणाल्या,
सगळं अगदी बरोबर आहे.
मग जरा घुटमळून,
तोगोल्दोर विचारतोय,
जुनं परत मिळेल का?
ते, ज्यात शेवटी जन्मतं.

नर्मांदाखनं शेगडीत कोळसा सारला.
इथे काही फेकलं जात नाही,
चुकासुद्धा आकडा घालून ठेवलेल्या असतात.
तो आकडा तिला पाठ होता.
बाईंनी खडू घेतला
आणि फळ्यावर एकेक अंक उतरवला,
वरून खाली.